लेबनॉनला गेलेला ड्रेसर

उल्हासकाका फौजेत होते, यावर आयर्लंडमधल्या शॅनन गावच्या आम्हा मराठी मंडळींचा पुरता विश्वास कधीच नव्हता. ते इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. प्रभाकाकूंना इथे नर्सची नोकरी लागली, तेव्हा दोघं साताऱ्याहून आले. गणपतीत कुणी विचारलं, "काका, कुठल्या लढाईत होतात हो?" तर ते ताटाकडे बघत म्हणायचे, "होतो आपला इकडंतिकडं."

"कँटीन सांभाळत असणार," आमच्यातला आशिष मागून म्हणायचा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

या वर्षी गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेने जाहीर केलं, की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, निळ्या टोपीत, आयर्लंडच्या बरोबरीने ज्यांनी काम केलं आणि आता इथे स्थायिक झाले, त्या परदेशी सैनिकांनाही रविवारच्या संचलनात मान मिळेल. प्रभाकाकूंनी किचनमधल्या कपाटातून, गोडा मसाल्याच्या बरणीमागून, लेबनॉनचं एक पदक काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"पंचवीस वर्षं लपवलंत. आता तरी लावा."

काकांचं इंग्रजी घाबरल्यावर गोठतं, म्हणून दुभाष्या म्हणून मी बरोबर गेलो. मला ते 'इंजिनियर' अशीच हाक मारतात. निघताना दारात काकू हळूच म्हणाल्या, "अहो, शेळ्यांचं काही बोलू नका तिथं." काकांनी मान हलवली. कसल्या शेळ्या, ते मी विचारलं नाही. माझा संशय मात्र वाढला.

संघटनेच्या हॉलमध्ये दोघे बसले होते. अध्यक्ष डोनल गोड हसले, चहा ओतला. दुसरे लिअम. दोघेही आयरिश तुकडीतून लेबनॉनला जाऊन आलेले, लिअम तर दोनदा. लिअमनी पदक उलटंसुलटं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे ऑनलाइन मिळतं."

"लिअम, जरा दमानं," डोनल म्हणाले.

"गेल्या वर्षी दम धरला होता ना? पदक छातीला लावून एक पठ्ठ्या आपल्या पुढे चालला. नंतर कळलं, तो फौजेत सोडाच, बोटीतसुद्धा कधी बसला नव्हता."

काकांचे फौजेतले कागद साताऱ्याला भावाच्या ट्रंकेत होते आणि भाऊ परगावी. म्हणजे रविवारी काका रांगेत चालणार की फुटपाथवर उभे राहणार, हे याच टेबलावर ठरणार होतं.

"तिथे काय करत होता?" लिअमनी विचारलं.

"पॅट्रोल," काका म्हणाले. "गस्त."

"रात्रीची? किती जण? पुढे कोण असायचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. काहीतरी आकडा सांगितला, तो लगेच बदलला. लिअम खुर्चीत मागे रेलले. हा माणूस खोटं बोलत होता, हे मलाही दिसत होतं.

लिअमनी पदक काकांच्या दिशेने सरकवलं. "चहा घ्या आणि निघा."

काका उठले. पदकाला हात लावला आणि पुन्हा बसले.

"इंजिनियर, सांग त्याला. मी गस्तीला कधीच गेलो न्हाई. मी ड्रेसर. जनावरांच्या दवाखान्यातला. आमच्या बटालियनसंगं जनावरांचे डॉक्टरसाहेब असायचे. गावोगाव जायचं, लोकांच्या शेळ्यांना सुया टोचायच्या. डॉक्टर टोचायचे, मी शिंगं धरायचो." त्यांनी श्वास घेतला. "गावाकडं हे कळलं तवा माझ्या लग्नात पोरांनी मांडवाबाहेर शेळी बांधली होती. तवापास्नं बोलत न्हाई."

मी भाषांतर केलं. डोनलचा कप ओठांशी थांबला. लिअम हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"पहिली गोष्ट चालली नाही म्हणून आता शेळ्या?"

"खरं हाय."

"बरं. एका दिवसात दोनशे जनावरं टोचली समजा. कुठली टोचली, कुठली राहिली, कसं कळायचं? आम्ही मेंढ्यांच्या पाठीवर रंग मारतो. तुम्ही?"

आता काका माझ्यासाठी थांबलेच नाहीत. हातांनीच बोलू लागले; मी मागून जमेल तसं इंग्रजी करत गेलो.

"नो बॅक. हॉर्न! पाठीवरचा रंग पोरं पुसायची. मग मी म्हटलं, आमच्याकडं बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवतात, तशी रंगवू. लाल-हिरवा रंग न्हाई, तिथं पक्षांच्या रंगावरनं भांडणं. आमच्या फौजी गाड्यांचा पांढरा रंग उरलेला होता. डावं शिंग. वन हॉर्न, व्हाइट. ओन्ली वन."

लिअम खुर्चीत ताठ झाले. मग डोनलकडे वळले.

"तुला आठवतं? टेकडीवरच्या चौकीतून?"

"ती पांढरी शिंगं," डोनल म्हणाले.

"आठवडाभर!" लिअमचा आवाज चढला. "एकच शिंग पांढरं असलेल्या शेळ्या आमच्या चौकीखालून जायच्या. आम्हाला वाटलं, कुणीतरी कुणाला खूण करतंय. मी वर रिपोर्ट पाठवला. ज्या दिवशी जास्त शेळ्या, त्या रात्री दुप्पट पहारा. थंडीत!" त्यांनी काकांकडे बोट रोखलं. "ते तुम्ही होतात?"

मी भाषांतर केलं. काका ओशाळले. "सॉरी, साहेब."

डोनल हसता हसता टेबलावर वाकले. लिअम हसले नाहीत. त्यांनी पदक उचललं, फीत सरळ केली आणि स्वतःच्या हाताने काकांच्या कोटाला लावलं. टाचणी नीट बसली का, ते दोनदा पाहिलं.

"ग्रँड, ठरलं तर," डोनल म्हणाले. "रविवारी नाव पुकारताना काय म्हणायचं? फक्त 'भारतीय सेना'?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतील.

"ड्रेसर म्हणायला सांग. जनावरांचा दवाखाना. सगळं."

रविवारी डोनलनी तसंच पुकारलं. आमच्या घोळक्यातून कुणीतरी फिस्कन हसलं. आशिष माझ्या कानाशी लागला, "मेडल ओरिजिनल आहे ना रे?" प्रभाकाकूंनी ऐकलं आणि त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो तोंड मिटून मागे सरकला.

काका रांगेत शिरले. लिअमनी शेजारच्याला कोपराने बाजूला केलं आणि आपल्या उजव्या हाताला त्यांच्यासाठी जागा केली.