तिची चढाई

सावेडीत तेव्हा बंगल्यांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आम्ही शाळेतल्या मुली तिथंच कबड्डी खेळायचो. नववीत ती पाथर्डीकडून आमच्या वर्गात आली. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. खिशातल्या यंत्राची वायर कानात असायची, तरी तिला कळायचं ते समोरच्याचे ओठ बघूनच. बोलायची मात्र ठणकावून, घोगऱ्या आवाजात. तिनं तोंड उघडलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. एकदा बाईंच्या चेहऱ्यावरून तिला ते समजलं. गर्रकन वळून म्हणाली, "हसायचं तर म्होरं येऊन हसा. मागनं हसलेलं मला कळत न्हाई."

चढाईत 'कबड्डी कबड्डी' मोठ्यानं म्हणावं लागतं, म्हणून आमची कॅप्टन तिला कधी चढाईला पाठवायची नाही. "आपलं हसं होईल. तू फक्त पकडी कर," म्हणायची.

एका सामन्यात कॅप्टन सगळ्यांत आधी बाद झाली, मग आम्ही बाकीच्या. आत ती एकटी उरली. तिनं यंत्र काढून माझ्या हातात दिलं, दम भरला आणि गेली. तिचा आवाज प्लॉटभर घुमला. समोरच्या मुली पोट धरून हसायला लागल्या. आता हसणाऱ्या सगळ्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यातल्या तिघींना फटाफट शिवून ती परत आली.

त्यांच्या तिघी बाद, म्हणजे आमच्या तिघी जिवंत. आधी बाद झालेली आधी आत येते. कॅप्टन मान खाली घालून उठली. तिनं हातानं कॅप्टनची हनुवटी वर केली, ओठ दिसावेत म्हणून.

"ये," ती म्हणाली. "तू फकस्त पकडी कर."