गोधडीची गुंडाळी

माणसांना झोपवणं हा माझा व्यवसाय. चंडीगडला सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात मी ऑपरेशनच्या आधी भूल देते. चांगले धिप्पाड गडी माझ्यासमोर दहापर्यंत आकडे मोजता मोजता गाढ झोपतात. घरी मात्र नऊ महिन्यांची एक मुलगी होती, आणि ती माझ्यापुढे वीस मिनिटंही डोळे मिटायला तयार नसे. तो सबंध हिवाळा आठवला की आधी आठवतो तो माझा थकवा, मग बाकीचं सगळं.

नवरा फौजेत. मुलगी चार महिन्यांची असताना त्याची बदली वर डोंगरात झाली आणि आम्ही दोघी बावीस सेक्टरमधल्या भाड्याच्या घरात राहिलो. खाली लोकरीचं दुकान, वर आम्ही. माझी रजा संपत आली तेव्हा सासूबाई इस्लामपूरहून आल्या. तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या, पण परतीचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. त्या नसत्या तर माझी नोकरी गेली असती, हे आम्हा दोघींना न बोलता ठाऊक होतं.

बाळाची लाकडी कॉट आम्हाला फौजेतल्या एका मराठी कुटुंबाने जाताना दिली. इकडे ही रीतच आहे. बदली झाली की काळ्या पेट्या भरायच्या आणि ज्यांच्या घरी बाळ येणार असेल त्यांच्याकडे कॉट पोचवायची. आमच्या आधी चार मुलं तिच्यात वाढली होती. वरच्या दांडीवर चौघांच्या दातांच्या खुणा होत्या, आणि सगळे बोल्ट एका जुन्या पायमोज्यात बांधून आले होते. सासूबाई तिला पिंजरा म्हणायच्या.

मी त्या पिंजऱ्याची तपासणी ऑपरेशन थिएटरसारखी केली. दोन गजांतून कोल्ड्रिंकचा कॅन आरपार जाता कामा नये, म्हणून कॅन घेऊन सगळे गज तपासले. गादी आणि कडेच्या मध्ये दोन बोटं मावता कामा नयेत, म्हणून गादी नवी शिवून घेतली. मुलगी बसायला लागली त्याच दिवशी तळाची फळी खालच्या खाचेत उतरवली, आणि दर रविवारी बोल्ट आवळायचा नेम ठेवला. आत काय ठेवायचं याचा नियम सोपा होता: ताणून घातलेली चादर आणि मुलगी. उशी नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही. तोंडावर आलं तर श्वास कोंडतो, आणि उभं राहणाऱ्या मुलाला त्याचीच पायरी होते.

सासूबाईंना हे काही केल्या पटेना. त्यांनी गावाहून येताना तीन गोधड्या आणल्या होत्या. एक त्यांच्या आईच्या लुगड्यांची, दोन त्यांच्या स्वतःच्या साड्यांच्या. घरातलं प्रत्येक लेकरू तसल्याच गोधडीत वाढलेलं. चंडीगडची थंडी, दुपारी बारापर्यंत धुकं, आणि त्यात नात अशी उघड्यावर.

"गारठ्यानं काकडंल की गं पोर," त्या रोज म्हणायच्या.

मी रोज तेच व्याख्यान द्यायचे. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. एक गोधडी उसवली, पातळ दोन पदर घेतले आणि बाह्या नसलेली, खाली बंद असलेली एक पिशवी शिवली. मुलीला तिच्यात घालायचं, गळ्याशी बंद बांधायचा, मग पांघरूण निसटण्याचा प्रश्नच नाही. इतकी चांगली गोष्ट मला सुचली नव्हती, म्हणून मी ती फारशी कौतुकाने घेतली नाही. उरलेल्या दोन गोधड्या चौघडी घालून त्यांनी पेटीवर ठेवल्या आणि परत कधी कॉटकडे नेल्या नाहीत.

तरी माझा संशय जाईना. कामावरून आले की मी आधी कॉटमध्ये बघायचे. चादरीला सुरकुती आहे का, गोधडीचा एखादा दोरा पडलाय का. एकदाही काही सापडलं नाही. हे सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा मला ते माझं कर्तव्य वाटत होतं.

जानेवारीतली ती दुपार. चोवीस तासांची ड्यूटी करून मी बाराला घरी आले. ऊन पडलं होतं, आणि इथे हिवाळ्यात ऊन पडलं की घरात कुणी थांबत नाही. बायका मटार घेऊन पार्कात जाऊन बसतात. सासूबाईंनाही मीच म्हटलं, जाऊन या, मी आहे. त्या गेल्या. मुलीला पिशवीतून काढून मी कॉटमध्ये ठेवलं, तर ती गज धरून उभी राहिली आणि दांडीवर कपाळ आपटायला लागली. रडत नव्हती. हा तिचा नवा खेळ होता. आपटायची, माझ्याकडे बघायची, हसायची, पुन्हा आपटायची. मी उचललं, फिरवलं, दूध दिलं, परत ठेवलं. पुन्हा तेच. माझे डोळे उघडे राहत नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती मुलगी नको होती. कुणीही नको होतं. एक तास हवा होता.

मी पेटीवरच्या दोन्ही गोधड्या घेतल्या, घट्ट गुंडाळल्या आणि दांडीच्या बाजूला गजांना लावून रचल्या. लागणार तरी नाही, असं मनात म्हटलं. पाचच मिनिटं म्हणून पलंगावर आडवी झाले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आवाजाने जाग आली. मोझेकच्या फरशीवर लेकरू पडल्याचा आवाज कसा असतो ते मी लिहिणार नाही. मुलगी खाली होती, आणि दारात सासूबाई मटारची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा कॉटकडे बघितलं. मग पिशवी टाकून पुढे आल्या आणि मुलीला माझ्या हातात देत म्हणाल्या, चल लवकर.

कपाळावर टेंगूळ आलं होतं. रिक्षात तिने एकदा उलटी केली, आणि माझं सगळं वैद्यकशास्त्र तिथल्या तिथे संपलं. इस्पितळात ड्यूटीवर माझ्याच ओळखीचा, लहान मुलांचा डॉक्टर होता. सासूबाई शेजारीच होत्या. त्याने शांतपणे डोळे, हात, पाय तपासले आणि कागद पुढे ओढून विचारलं, की मुलगी चढली कशावर, कॉटमध्ये काय होतं. गेल्याच महिन्यात नव्याने आई झालेल्यांच्या बैठकीत, रिकाम्या कॉटविषयी मी त्याच्या शेजारी बसून बोलले होते.

"मम्मीजी ने रज़ाई रख दी थी," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली, लिहून घेतलं आणि सासूबाईंकडे बघून समजुतीने म्हणाला की होतं असं, माताजी, पुढे काळजी घ्या. टीव्हीवरच्या मालिका बघून त्यांना हिंदी पुरेसं कळत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "हां जी."

संध्याकाळपर्यंत आम्हाला ठेवून घेतलं. मुलगी दूध प्यायली, हसली, डॉक्टरचा स्टेथोस्कोप ओढला. काही नाही, घरी जा, असं सांगितलं. जाताना एक कागद हातात मिळाला, तो मी न वाचता फाइलमध्ये घातला.

त्यानंतर सासूबाईंनी कॉटला हात लावणं सोडलं. मुलगी रडली की मला हाक मारायच्या. मी नसले तर तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहायच्या, तासन्‌तास, पाय बधिर होईपर्यंत. गोधड्या त्यांनी त्यांच्या बॅगेत भरल्या. आठवड्याने नवऱ्याचा फोन आला. आई तिकीट काढ म्हणतेय, म्हणाला, हात थरथरतात, पोर सांभाळणं जमायचं नाही म्हणते. काय झालं तिथे? मी म्हटलं, काही नाही, थंडी बाधली असेल. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. साठ वर्षं शेरडा-गुरांपासून नातवंडांपर्यंत सगळं सांभाळलेल्या हातांवरचा त्यांचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला होता, आणि तोंड उघडत नव्हते. त्या गेल्या तर माझं कसं होईल, ही भीतीही होतीच. पकडलं जाण्याची भीती जास्त होती की ही, ते आजही सांगता येत नाही.

रविवारी गच्चीवर त्या मटार सोलत होत्या. मुलगी सतरंजीवर सालींशी खेळत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. गोधड्या मी ठेवल्या होत्या. तुम्ही नाही. मला झोप हवी होती. आणि तिथे मी खोटं बोलले.

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मी गोधडीची चौघडी घालती. गुंडाळी करत न्हाई."

मग मला आठवलं. ती गुंडाळी मी टेबलावरच्या पेशंटच्या खांद्याखाली टॉवेलची करते तशी केली होती, घट्ट, टोकं आत खोवून. हात आपोआप तसेच चालले होते. दारातून एक नजर टाकताच त्यांना कळलं होतं.

मी विचारलं, मग तिथे बोलला का नाहीत.

"तिथं समदी तुला डॉक्टर म्हणून वळखत्यात. मला कोण वळखतंय?" त्यांनी आणखी एक शेंग घेतली. "म्हटलं, घरी आल्यावर सांगशील. आठ दिस वाट बघितली. मग म्हटलं, आता हितं ऱ्हाण्यात राम न्हाई."

मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच होतं. मुलीच्या तोंडातलं साल बोटाने काढलं, आणि म्हणाल्या, "तिकिटाचं बघू मागनं. पर त्या डॉक्टरनं लिवून घेतलंय न्हवं? तेवढं नीट कर. पोर उद्या शिकंल, वाचंल. आजीनं पाडली म्हणून ऱ्हाईल."

मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी मला खाली जाऊन झोपायला सांगितलं. मी जाईना, तेव्हा मुलीला उचलून त्या स्वतःच उठल्या, खोलीत गेल्या, तिला पिशवीत घातलं आणि रिकाम्या कॉटमध्ये ठेवलं. कठड्याला एक हात लावून शेजारी खुर्चीवर बसल्या. मी तीन तास झोपले.

सोमवारी मी तो कागद घेऊन त्या डॉक्टरकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्याने खिशातलं पेन काढलं. आमच्याकडे कागदावरचं काही बदलायचं तर खाडाखोड चालत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. त्याने आजी या शब्दावर रेघ मारली, वर आई लिहिलं, सही केली आणि चहा घेणार का विचारलं. मी नको म्हटलं.

कॉट पुढच्या वर्षी पंचकुल्याच्या एका कुटुंबाकडे गेली. फाइल माझ्याजवळ आहे. मुलगी आता वाचायला लागली आहे. रेघेखालचा शब्द अजून स्पष्ट दिसतो.