चौऱ्याहत्तर टक्के

आमच्या गावच्या हायस्कुलात मी एकटीच मराठी होते आणि ते मला फार सोयीचं होतं. डेट्रॉइटजवळचं गाव, बहुतेकांचे वडील मोटारींच्या कारखान्यात, माझेही तिथंच इंजिनियर. मी केस कापले होते, डब्यात पोळी नेणं बंद केलं होतं. अकरावीपर्यंत मला कुणी काही विचारेनासं झालं होतं.

अशात ती आली. साताऱ्याची, नुकतीच दहावी झालेली, तेल चोपडलेल्या दोन वेण्या. तिच्या वडिलांना बाबांच्याच खात्यात नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी भरलेल्या कॅफेटेरियात ती ओरडली, "ताई, इकडे बस ना!" मला तिचा भयंकर राग आला.

तिला कुठल्या वर्गात घालायचं ते शाळेच्या कौन्सिलरबाई ठरवणार होत्या. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, प्लास्टिकच्या पिशवीतली गुणपत्रिका त्यांच्यापुढं ठेवली, मुलगी फर्स्ट क्लास असल्याचं दोनदा सांगितलं आणि ते कामावर गेले. ती बाहेर बाकावर बसली. बाईंनी मला आत बोलावलं.

"गणितात चौऱ्याहत्तर. तुमच्याकडे हे चांगले का? तसं असेल तर तिला तुझ्याच अल्जिब्राच्या वर्गात घालते."

तिकडं तेव्हा साठाला फर्स्ट क्लास आणि चौऱ्याहत्तरला पेढे, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी आई आपले मॅट्रिकचे बासष्ट टक्के अजून पाहुण्यांना ऐकवायची.

"सी ग्रेड, जेमतेम," मी म्हणाले. "इथल्यासारखंच."

मी लहान होते, असं म्हणायची सोय नाही. सोळा वर्षांची होते आणि काय करतेय ते मला कळत होतं.

तिला बेरीज-वजाबाकीच्या वर्गात टाकलं. तिथून कॉलेजकडं वाट जात नव्हती. दहा मिनिटांत कागद संपवून ती हाताची घडी घालून बसायची. काकांनी शाळेत जाऊन एक शब्द विचारला नाही. शिक्षकांनी ठरवलं म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार, अशा संस्कारातला माणूस. दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी, सगळ्यांदेखत ते तिला म्हणाले, "इथं येऊन आळशी झालीस. या ताईकडून शीक काहीतरी." मी चकली खात होते, खातच राहिले.

नंतर स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं. "ताई, तू बाईंना एकदा सांगशील? तुझं त्या ऐकतात."

"शुअर," मी म्हणाले.

मग दर शुक्रवारी ती विचारायची, "सांगितलंस?" मी बाईंच्या दारातही गेले नव्हते. "सांगितलं गं, त्या नाही म्हणतात," मी म्हणायचे. बर्फ वितळेपर्यंत हे चाललं. मग एका शुक्रवारी तिनं विचारलं नाही.

"जाऊ दे ताई," ती म्हणाली, "मला खरंच येत नसेल."