सौंदडच्या बंद घरातली बाई

मेश्रामांनी कडी फिरवली आणि दार त्यांच्या हातातून सुटून आत गेलं. पलीकडून कोणी ओढावं तसं.

"रोज असंच होते," ते म्हणाले. "या मॅडम."

मी गोंदियात एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करते. व्हेंटिलेशन म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर काढणं, ताजी आत घेणं. मेश्राम रेल्वेतून रिटायर झालेले. सौंदडला रुळाजवळच घर बांधलं. आवाज आणि धूळ नको म्हणून खिडक्यांना दुहेरी काचा, फटींना रबर. फोनवर म्हणाले होते, "एसीतून काही येऊन राहिलं काय, ते पाहा. बायकोले घरात कोणीतरी वाटते."

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई सैपाकघरातली चिमणी बंद करून आल्या. आत बसलो. खिडकीबाहेरून मालगाडी गेली. आवाज नाही. ग्लासातलं पाणी तेवढं थरथरलं.

"दिसत नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाई आहे. सैपाक करताना मागं उभी राहते. वळून पाहिलं का कोणीच नाही. मंग डोकं ठणकते, पाय गळून जाते."

"कधी होतं असं?"

"सकाळीच. हे आंघोळीले गेले का."

"साळा म्हणते, केशोरीवरून मांत्रिक आणतो," मेश्राम म्हणाले. "आम्ही बुद्धाचे लोक. मांत्रिक कायले आणू? पण हिले आता सैपाकघरात जायची भीती वाटते."

एसी तपासला. स्वच्छ होता. मग म्हटलं, "सकाळी जे जे चालू असतं, ते सगळं चालू करा. दारं बंदच ठेवा."

बाथरूममध्ये गॅस गिझर होता. त्याचा धूर पाइपने बाहेर जायचा. सैपाकघरात शेगडीवर धूर ओढून बाहेर टाकणारी मोठी विजेची चिमणी. मेश्रामांनी गिझरचा नळ सोडला, बाईंनी चिमणी लावली. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती सरळ जळत होती. तिची ज्योत हळूहळू सैपाकघराकडे वाकली. पंखा बंद होता.

बाई शेगडीशी उभ्या राहिल्या, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले.

"आली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मी वळले. वळायचं नाही असं ठरवूनही वळले. दारात कोणी नव्हतं. तेवढ्यात माझ्या कमरेला लावलेलं विषारी वायू मोजायचं मीटर वाजायला लागलं.

"गॅस बंद करा. बाहेर चला."

अंगणात येईपर्यंत बाईंचा हात माझ्या हातात होता. थंडगार.

कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्तातली प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मग भास होतात, मग माणूस झोपतो आणि उठत नाही.

दोघांना लगेच दवाखान्यात पाठवलं. रक्ततपासणीत तेच निघालं. घर उघडून मोकळं केल्यावर मी पुन्हा आत गेले. दारं लावली, गिझर बंद ठेवून नुसती चिमणी चालवली आणि गिझरच्या पाइपाशी उदबत्ती धरली. धूर पाइपात वर जायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला. चिमणी घरातली हवा बाहेर फेकत होती, आणि तेवढी हवा आत यायला दुसरी वाटच नव्हती. दार म्हणूनच आत ओढलं जायचं. गिझर चालू असला की त्याचा धूर याच पाइपाने परत यायचा आणि चिमणीच्या ओढीने थेट बाईंपर्यंत जायचा.

गॅस गिझर काढून विजेचा बसवला. सैपाकघराच्या भिंतीत हवेसाठी जाळी ठेवली. बाई पुन्हा सैपाक करतात. मागे कोणी उभं राहत नाही.

घर कितीही घट्ट बांधा, हवेला आत यायची वाट ठेवा. तुम्ही नाही दिली, तर ती स्वतः शोधते. कुठून यायचं, ते मग तुम्हाला विचारत नाही.