वनिताच्या उंचीचं बेसिन

डिसेंबरातल्या एका दुपारी वनिताचा फोन आला. "ताई, तू ये. मले बेसिन घ्याले जाचं हाय."

वनिता माझी धाकटी बहीण. नागपूरला हिंगणा रस्त्यावर राहते; मी लग्न होऊन नाशिकला आले. या ब्लॉगवर मी किल्ल्यांबद्दल लिहिलंय, देवळांबद्दल लिहिलंय, कुठे काय खावं हे तर फारच लिहिलंय. बेसिन आणायला अर्धा महाराष्ट्र ओलांडेन असं मात्र वाटलं नव्हतं. पण मी अडले ते तिच्या 'जाचं हाय'वर. गेल्या वर्षीच्या अपघातानंतर वनिता दवाखाना सोडून कुठेही गेली नव्हती.

एका लग्नाहून ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून परत येत होती. कुत्रं आडवं आलं. देविदासरावांना खरचटण्यावर निभावलं, वनिताच्या मणक्याला मार बसला. कमरेखाली तिला आता काही जाणवत नाही. चाकाची खुर्ची आहे आणि हात मात्र पहिल्यासारखे दणकट आहेत.

बेसिनचं म्हणाल तर घरी होतंच, नवं, चकचकीत, खांबावर उभं केलेलं. खुर्ची त्याच्याजवळ नेली की पाय ठेवायची पट्टी खांबावर आपटायची आणि नळ हातभर लांब राहायचा. दुकानातली भिंतीवर लावायची बेसिनंही तिनं मोबाईलवर पाहिली होती. ती एवढीशी, कोपर टेकायला जागा नाही. तिच्या डोळ्यांसमोर होतं ते दवाखान्याच्या वॉर्डातलं जुनं बेसिन. पांढऱ्या चिनी मातीचं, रुंद, जाड कडांचं, भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेलं. खुर्ची सरळ त्याच्याखाली जायची. अपघातानंतर पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं तोंड धुतलं ते तिथं.

"तसंच पाहिजे," ती म्हणाली. "आन् मीच पाहून घेईन. फोटोवरून नाई."

रात्रीच्या गाडीनं नाशिकरोडहून निघाले. थंडीत नागपूरला जाणार असाल तर एक शाल हाताशी ठेवा. पहाटे वर्ध्यापासून खिडकीच्या फटीतून गारठा आत येतो. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे वरून ओततात तो तिखट रस्सा, जपून मागा; पोहेवाला हात आखडता घेत नाही.

घरी पोचले तेव्हा वनिताचं तोंड धुणं चाललं होतं. ती पलंगावर टेकून बसलेली, मांडीवर प्लास्टिकचा टब, गळ्याभोवती टॉवेल. देविदासराव मगानं कोमट पाणी घेऊन तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होते, अगदी हलक्या हातानं. ते हिंगण्याच्या कारखान्यात फिटर आहेत. अपघातानंतर त्यांनी दुपारची पाळी मागून घेतली, ती याच्यासाठी. वनिता डोळे मिटून बसली होती. मी दारातच थांबले.

त्या दिवशी देविदासराव कामावर गेल्यावर आम्ही दोघी मेट्रोनं निघालो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बरोबर घेऊन नागपूर फिरायचं असेल तर मेट्रो धरा. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, खुर्ची डब्यात सहज चढते आणि तिकीट रिक्षाच्या मानानं किरकोळ. वनिता खिडकीशी गेली आणि सीताबर्डी येईपर्यंत बाहेर बघत राहिली. खाली रस्ता, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. एकदाच म्हणाली, "किती दिवसांनी वरून पाहून राहिली मी."

जुन्या सामानाच्या बाजारात मात्र जड गेलं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दारं, खिडक्यांच्या चौकटी, गंजके नळ. खुर्ची आत जाईना. दुकानदार बेसिनं उचलून रस्त्यावर आणून दाखवायचे आणि बोलायचे मात्र माझ्याशी.

"इनको कैसा चाहिए?" एकानं मला विचारलं.

"इनसे पूछो," मी म्हणाले. तरी तो माझ्याकडेच बघत राहिला.

जुनं बेसिन घेताना काय बघायचं ते तिथं कळलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अंग शाबूत. आवाज बसका आला तर आत कुठेतरी तडा आहे, वरून कितीही चमकू दे. नळाची भोकं बघा, जुनी भोकं मोठी असतात आणि आजच्या नळाला जाड रबरी वायसर लागतो. मागच्या बाजूला ब्रॅकेटच्या खाचा फुटलेल्या नसाव्यात. वनितानं टिचक्या मारून एकेक बाजूला सारलं. जे धड होतं ते लहान होतं, जे मोठं होतं त्यात तडा. लोक वळून बघत होते, बेसिनांकडे नाही, तिच्याकडे. ऊन कलल्यावर ती म्हणाली, "चल घरी, ताई."

निघताना शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्या माणसानं हाक मारली. या खेपेला तो तिच्याशीच बोलला. "बाई, कामठीले मुलींचं एक जुनं होस्टेल पाडून राहिले. इंग्रजांच्या वक्तचं हाय. तिथं रांगच्या रांग भेटन तुमाले."

दुसऱ्या दिवशी देविदासरावांची सुट्टी होती. रात्री ते पाळीवरून आल्यावर जेवताना त्यांना कामठीचं सांगितलं. भाकरी मोडता मोडता ते थांबले.

"काहून पाहिजे हे सगळं? मी हाय ना. सकाळी मी धुवून देतो तं काय बिघडते?"

वनितानं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तुमी धुवून देता तवा माह्याकडं पाहत नाई. रोज माफी मागून राहिले तुमी. मले रोज सकाळी माफी द्या लागते, चहाच्या आधी." तिचा आवाज चढला नव्हता. "मी देऊन टाकली हाय ना वो एकदा. आता मले नुसतं तोंड धुवाचं हाय."

देविदासराव उठले आणि हात धुवायला गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मला त्या दोघांमधून उठून कुठे जावं ते कळेना. ताटं उचलून मी ओट्यापाशी उभी राहिले. थोड्या वेळानं ते परत आले आणि मला म्हणाले, "ताई, सकाळी गाडी सांगतो. खुर्ची डिक्कीत बसली पाहिजे."

नागपूरपासून कामठी तासाभराच्या आत येते. भाड्याची गाडी दिवसभरासाठी ठरवा, कारण येताना सामान असतं. वाटेत चहाला थांबलो. देविदासरावांनी वनिताच्या कपातला चहा बशीत ओतला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बशी आणि कप दोन्ही तिच्या हातात दिले.

वसतिगृहाचं छप्पर उतरवलं होतं. खोल्यांवर उघडं आभाळ, जमिनीवर कौलांचा ढीग. पाडकामाचा ठेकेदार शेखभाई मोठ्या मनाचा माणूस, पण घाईतला. "देख लो, मॅडम. जो चाहिए बोलो. परसों यह दीवार भी गिरनी है."

न्हाणीघराची भिंत मात्र अजून उभी होती आणि तिच्यावर पांढऱ्या बेसिनांची रांग. वनिता थबकली. मग तिनं स्वतःच चाकं फिरवली, विटांच्या तुकड्यांवरून हेलकावे खात. देविदासराव मागे धावले. तिनं हातानंच नको म्हटलं.

पहिलं बेसिन उंच होतं. मोठ्या मुलींसाठी असणार. त्याच्या पुढचंही. रांग पुढे जाईल तशी बेसिनं खाली येत होती, कारण शेवटच्या कोपऱ्यात लहान मुलींची जागा होती. ती प्रत्येकाशी जाऊन थांबायची, कोपरं टेकून पाहायची, मागे यायची. कुठे गुडघे अडायचे, कुठे हात अधांतरी. मधल्या एकापाशी खुर्ची अलगद आत गेली. कोपरं कडेवर विसावली. तिथून ती हलेना.

जागेची राखण करणाऱ्या सरूबाई हे सगळं बघत होत्या. पूर्वी त्या याच वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. नळाला पाणी नव्हतं. त्या आत गेल्या आणि बादली घेऊन आल्या.

"पाहून घे वं माय," त्या म्हणाल्या. "नुसतं टेकून काय समजते?"

"साबण हाय का?" वनितानं विचारलं.

सरूबाईंनी आपल्या वडीचा तुकडा दिला आणि तांब्यानं पाणी ओतत राहिल्या. त्या उघड्या आभाळाखाली, पाडणाऱ्या मजुरांच्या समोर, माझी बहीण तोंड धुऊ लागली. घाई नाही. कपाळ, कानामागे, मान. पुन्हा एकदा साबण. पाणी बेसिनच्या भोकातून खाली फरशीवर सांडत होतं. मजुरांनी घण खाली ठेवले होते. देविदासरावांनी सवयीनं पिशवीतून टॉवेल काढला आणि ते पुढे झाले.

तिनं हात पुढे केला. "द्या इकडं."

त्यांनी दिला. तिनं तोंड पुसलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "हेच."

पण ते निघेना. ब्रॅकेटं भिंतीत चुन्यानं पक्की बसलेली. शेखभाई म्हणाले, "तोड़ के निकालेंगे, मगर टूटा तो मेरी जिम्मेदारी नहीं." देविदासरावांनी मजुराच्या हातून छिन्नी घेतली. "मी काढतो."

आधी त्यांनी हात बसावा म्हणून शेजारचं काढायला घेतलं. अर्धं सुटलं आणि एका ठोक्यासरशी कडेपासून भोकापर्यंत फुटलं. एक तुकडा त्यांच्या पायाशी पडला. शेखभाई ओरडले, त्याचेही पैसे लागतील म्हणाले, ते बरोबरच होतं. देविदासराव तुकड्याकडे बघत नुसते उभे. त्यांना आत्ता बेसिन नाही, तो अपघात दिसत होता, हे आम्हा दोघींनाही कळलं.

वनितानं खुर्ची त्यांच्याजवळ नेली. "फुटलं तं फुटलं. आता आपलं घ्या. घाई नाई आपल्याले."

ते खाली बसले. ब्रॅकेटच्या कडेनं चुना पाण्यानं भिजवत, बोटभर बोटभर उकरत राहिले. वनितानं दोन्ही हातांनी बेसिनची कड खालून धरून ठेवली. सरूबाई पाणी ओतायच्या, मी चुरा बाजूला करायचे. ऊन भिंतीवरून उतरून आमच्या पाठीवर आलं. शेवटी बेसिन सुटलं तेव्हा त्याचं सगळं वजन वनिताच्या हातांत आणि मांडीवर आलं. ती हसली. अपघातानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते सगळं हसणं आम्हाला बरं वाटावं म्हणून होतं.

परतताना ते जुन्या गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं, आमच्या दोघींच्या मध्ये. जुनं बेसिन आणणार असाल तर गोधडी घरूनच न्या. गवत भरून टेम्पोत टाकतात त्यात फुटायची भीती फार.

दुसऱ्या दिवशी देविदासरावांनी पाळीवर जायच्या आधी ते बसवलं. सांडपाण्याचा पाइप भिंतीलगत वळवला, म्हणजे गुडघ्यांना जागा राहील. उंची वनितानं ठरवली, खुर्चीत बसून, पेन्सिलनं भिंतीवर रेघ मारून. सिमेंट वाळेपर्यंत वजन टाकायचं नव्हतं, आणि माझी गाडी त्याच संध्याकाळची होती. म्हणून तिचं पहिलं तोंड धुणं मी पाहिलं नाही.

नाशिकला येऊन कपडे धुतले, संत्र्यांची पेटी शेजारी वाटली. कुणी विचारलं, काय बघितलंस नागपुरात? दरवेळी मी काहीतरी भलतंच सांगितलं. या प्रवासाचे फोटोही नाहीत. त्या भिंतीसमोर मोबाईल काढायचं कुणालाच सुचलं नाही. राहिलाय तो डोळ्यांसमोरचा टॉवेल, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला.

आठवडाभरानं फोन वाजला. वनिता असेल म्हणून उचलला, तर देविदासराव होते. ते मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"काय झालं?"

"काई नाई, ताई. सकाळी डोये उघडले तं ऊन पार खिडकीत आलं होतं. मी झोपूनच राहिलो. अपघातापासून मले चार वाजताच जाग येते. अलार्म लागत नाई. आज आलीच नाई."

"आणि वनिता?"

"तिचं सारं आवरून झालं होतं. तिनंच उठवलं मले."