केशरबाईची ओटी

माझ्या नवऱ्याचं एका लाँचवर प्रेम होतं. हसू नका. लोकांचे नवरे पत्ते कुटतात, रेसला जातात, फार तर शेजारणीकडे बघतात. आमचे विश्रामराव रविवारी सकाळी थर्मासात चहा भरून डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर जायचे, एका म्हाताऱ्या लाकडी लाँचमध्ये बसायचे आणि पलीकडे जायचे. पलीकडे काम काय? काही नाही. पलीकडे लागली की त्याच लाँचने परत. असं जेवणाची वेळ टळेपर्यंत चालायचं.

लाँचचं नाव केशरबाई. एके काळी ती म्हणे समुद्राकाठच्या गावागावांतून उतारू घेऊन फिरायची. उतारवयात आमच्या खाडीवर आली. मासळीच्या पाट्या, भाजीवाल्या, भिवंडीच्या लूमवर जाणारे कामगार, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिने वाहिलं. मी पहिल्यांदा पाहिली ती अठ्ठ्याऐंशी साली. रंग उडालेला, छपराचा पत्रा एका बाजूने वाकलेला, आणि इंजिन सुरू झालं की म्हाताऱ्या माणसाला खोकल्याची उबळ यावी तशी सगळी थरथरायची. मी म्हटलं, "अहो, हिच्यापायी तुम्ही माझं रविवारचं दळण बुडवता?"

"सरोज, तू तिची नाळ बघ," म्हणाले. नाळ म्हणजे लाँचचं पुढचं निमुळतं टोक. "असं वळण आता कोणी काढत नाही." मी बघितलं. मला आमच्या विळीचं पातं त्याहून डौलदार वाटलं. तसं सांगितलं तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तसा माणूस साधा. ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून. कधी रांग मोडली नाही, कधी साहेबाच्या घरी मिठाईचा पुडा घेऊन गेले नाहीत, म्हणून बढतीही कधी मिळाली नाही. मी चिडले की म्हणायचे, "जाऊ दे गं." एवढंच. लाँच एवढी का आवडते विचारलं तर सांगायचे, "तिला घाई नसते." आता याला काय बोलणार, कपाळ?

एकटे वेडे असते तर मी निभावून नेलं असतं. पण वेड्याला वेडे भेटतातच. एक होते मधु सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी केशरबाई पुढून, मागून, ओहोटीला, भरतीला, सगळ्या बाजूंनी काढली होती. दुसरी सुहासिनी, बँकेत होती, लग्न केलं नव्हतं, आवाज असा की खालच्या मजल्यावर कळायचं आमच्याकडे पाहुणे आलेत. तिने टेपरेकॉर्डर नेऊन इंजिनाचा आवाज भरून आणलेला. मग संध्याकाळी आमच्या घरी बैठक! तिघं डोळे मिटून ऐकताहेत, माना डोलावताहेत, मध्येच "आहा, आता वळली बघा" म्हणताहेत. शेजारच्या बाईंनी दार ठोठावून विचारलं, "सरोजताई, पाण्याचा पंप बिघडला का हो?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लाँच होती नाथा तांडेलची. तांडेल म्हणजे लाँच चालवणारा, मालकही तोच. त्याच्या बापाने ती घेतली होती आणि आपल्या आईचं नाव दिलं होतं. बाप गेला, पण नाथाची आई मनुबाई होती. रोज सकाळी धक्क्यावर यायची, लाँचच्या फळीवर हात फिरवायची आणि मग बसून जाळं विणायची. विश्रामराव तिला वाकून नमस्कार करायचे. माझ्या सासूला केला नसेल इतक्या भक्तीने.

एका रविवारी हे घरी आले आणि ताटावर बसलेच नाहीत. "भूक नाही," म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य म्हणजे भूकंप. खोदून विचारलं तेव्हा कळलं. नाथाने केशरबाई भंगारात द्यायची ठरवली होती. इंजिन पार झिजलं, खालच्या फळ्या कुजल्या. त्याने एक छोटी होडी घेतली होती, त्यातच भागवणार होता. मनुबाईने लेकाशी बोलणं टाकलं होतं. नाथा यांना म्हणाला होता, "आयचा जीव तुटतंय, मना कलतंय. पन इंजिनच नाय तं चालवू कशी?"

यांना ती वाचायला हवी होती. आणि वाचवण्याचा उपाय यांच्या हातात नव्हता. रात्रभर कूस बदलत होते. माझा रागच गेला. एवढ्या वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं मोडीत निघालेलं.

आता आम्ही नोकरदार माणसं. कोणी जाणार म्हटलं की आम्हाला एकच सुचतं, निरोप समारंभ! तिघांनी बैठक घातली. हार, पेढे, शाल, श्रीफळ, चार शब्द. भिंतीवरचं घड्याळ द्यायचं का यावरसुद्धा चर्चा झाली, शपथ. मग सुहासिनी म्हणाली, "अरे, बाई आहे ना ती? बाईला कसली शाल? ओटी भरूया तिची."

सगळ्यांना पटलं. पण ओटी भरायची कोणी? मधु सर पुरुष, सुहासिनी बिनलग्नाची. विश्रामराव सहज म्हणाले, "सरोज भरेल की."

मी स्वयंपाकघरात होते, तिथेच थांबले. आम्हाला मूलबाळ झालं नाही. सोसायटीतल्या डोहाळजेवणांना मला बोलावणं यायचं, बायका गोड बोलायच्या, पण ओटीचं ताट माझ्या हाती कधी आलं नव्हतं. ताट माझ्या पुढून दुसरीकडे जायचं आणि मी जिलब्या वाढायला उठायचे. हे सगळं विश्रामरावांच्या डोक्यात मुळीच नव्हतं. त्यांच्या लेखी मी ओटी भरणारी बाई होते, झालं. मी बाहेर येऊन म्हटलं, "खण हिरवा आणा. बोटीला काय, काहीही चालतं असं नका करू."

दिवाळी झाली आणि तो दिवस आला. आम्ही धक्क्यावर पोचलो तर निम्मं गाव जमलेलं. डोंबिवलीची माणसं लाँचला सेंडॉफ देणार, हा तमाशा कोण सोडणार? भिवंडीचा भंगारवाला रघु आपली बोट आणि जाड दोर घेऊन बाजूला उभा होता. समारंभ आटोपला की ओढून नेणार. नाथा खाली बघत होता. आणि मनुबाईने केशरबाईच्या नाळेला नवं कोरं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं, व्यवस्थित पदर काढून. मला आजही संशय आहे, म्हातारीने तो पदर उगाच काढला नव्हता.

मधु सर बोलले. बोलले म्हणजे, थांबेनातच. सुहासिनी आवाज भरून घेत होती आणि स्वतःच हुंदके देत होती, म्हणजे त्या कॅसेटचं काय झालं असेल ते समजा. मग विश्रामराव उठले. "केशरबाई..." एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले नाहीत.

मी पुढे झाले. नाळेला हळदकुंकू लावलं. पदरात तांदूळ, खण, नारळ, सुपारी, हळकुंड घातलं आणि गाठ मारली. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "लवकर परत ये हो."

आपल्याकडे म्हणतातच की असं. निघालेल्या माहेरवाशिणीला "जा" कोणी म्हणतं का?

मनुबाई जाळं टाकून ताडकन उठली. "काय बोल्लीस?"

मी घाबरले. "काही नाही हो आजी, आपलं हेच, परत ये म्हटलं."

"समद्यांनी आयकला ना?" ती गावाकडे वळली. "हिनं वटी भरली. तोंडानं बोल्ली, परत ये. आपल्यान वटी कोनाची भरतात? लेकीची! आजपासून केशर यांची लेक झाली. आता सांग नाथ्या, लेकीला कोन भंगारान घालतं?"

नाथा गडबडला. "आये, ही शेरातली लोका. त्यांना काय ठावं?"

"त्यांना ठावं नसंल, मना ठावं हाय!"

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. एकीने मान डोलावली, मग दुसरीने. नाथाची बायको तुळसा तर सरळ सासूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आणि रघु भंगारवाल्याने दोर गुंडाळायला घेतला. नाथा ओरडला, "अरे, तू कुठं चाललास?" रघु म्हणाला, "नाय बाबा. वटी भरलेली बाई तोडली असं कललं तं माझी बायको मना घरान घेनार नाय." आणि गेला की खरंच!

"पन आये, तिचं इंजिन?" नाथा रडकुंडीला आला होता.

"लेक आजारी पडली का माहेरी ठेवतात. माहेरानं बरी करायची आन् सासरी धाडायची. हीच रीत हाय," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी विश्रामरावांकडे पाहिलं. काय सांगू तो चेहरा! लग्नात अंतरपाट बाजूला झाला आणि मी समोर दिसले तेव्हासुद्धा इतका खुलला नव्हता. मी म्हटलं, "अहो, डोळे पुसा आणि बोला काहीतरी! हे धूड आपण ठेवणार कुठे? गॅलरीत?"

तेवढ्यात मनुबाईने माझी हनुवटी धरली. हाताला मासळीचा वास होता. "वटी तू भरलीस, पोरी," म्हणाली, "आन् लेक तुलाच मिलाली." मी भर गावात ढसाढसा रडले. लाज वाटली नाही. आनंदच इतका झाला होता.

मग काय, केशरबाईचं माहेरपण सुरू झालं. चिखलात वर ओढून तिला टेकू दिले. भिवाजी सुतार आणि नाथाने कुजक्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. सुहासिनीच्या भावाचं शहाडला ट्रकचं गॅरेज होतं. तिने त्याच्या डोक्याशी इतकी कटकट केली की त्याने जुन्या ट्रकचं इंजिन काढून, दुरुस्त करून आणून बसवलं, केवळ घरात शांतता हवी म्हणून. मधु सरांनी नाव रंगवलं. आणि विश्रामराव फळ्यांच्या फटींत कापूस ठासायला बसायचे. एका रविवारी तर पाणी बाहेर जायची भोकंसुद्धा बुजवून ठेवली. भिवाजीने शिव्या देत सगळा कापूस उपसून काढला. हे म्हणाले, "जाऊ दे रे."

मी इडल्यांचा डबा न्यायचे आणि तुळसा आम्हाला सुकट भाकरी द्यायची. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासळीला हात लावला नव्हता. विश्रामराव म्हणायचे, "मी फक्त वास घेतोय." वास घेऊन पत्रावळ इतकी स्वच्छ कशी व्हायची देव जाणे! मी विचारलं नाही. मीही दोनदा वास घेतला.

शिमग्याच्या आधी लाँचच्या परवान्यासाठी पाहणीचे साहेब आले. फळ्या ठोकून बघितल्या, इंजिन चालवून बघितलं, खाली वाकून पाणी येतंय का बघितलं. आम्ही सगळे दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. "ठीक आहे, चालवा," साहेब म्हणाले, आणि मधु सरांनी त्या बिचाऱ्याला मिठीच मारली.

शिमग्याच्या सकाळी पहिली फेरी. केशरबाई निळी-पिवळी, नाळेवर पताका, पाटीवर नाव झळकतंय. कोळणी नटूनथटून गाणी म्हणत होत्या, नाथा सुकाणूवर उभा होता आणि त्याची आई त्याच्याशी बोलत होती. विश्रामरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आदल्या रात्री झोप नाहीच. सगळे चढायला लागले तसे हेही फळीवर पाय ठेवून पुढे झाले.

मनुबाईने काठी आडवी घातली. "कुठं चाललंस, भाव?"

"म्हणजे? पहिल्या फेरीला!"

"लेक सासरी निंघाली. आय-बाप संगती जातात काय? उतर खाली."

मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. कुठलं! गावातली म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली, बरोबर आहे, आई-बापांनी पोचवायचं ते उंबऱ्यापर्यंत. मधु सर मामा म्हणून चढले. सुहासिनी मावशी म्हणून चढली, आमच्याकडे बघत दात काढत. आम्ही दोघं धक्क्यावर. एवढे महिने या माणसाने या एका फेरीची वाट बघितली, आणि फेरी यांना सोडून निघाली.

मला वाटलं आता हिरमुसतील. पण इंजिन सुरू झालं. खोकला नाही, थरथर नाही, छान एकसारखा आवाज. केशरबाई धक्क्यापासून सुटली, वळली आणि पाण्यात पुढे निघाली. विश्रामरावांनी हात वर केला, आणि तो खाली आणायचं विसरले. गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते.

"सरोज," म्हणाले, "पोचल्यावर कळवतील ना गं?"

पलीकडचा किनारा समोर दिसत होता. तिथे उभी असलेली बैलगाडी दिसत होती, बैलाची शिंगंसुद्धा दिसत होती. एरवी मी या माणसाची अशी काही फिरकी घेतली असती की विचारू नका.

"कळवतील हो," मी म्हटलं, आणि पदराने आधी त्यांचं नाक पुसलं, मग माझं.