अकरा दिवसांचा आकडा

इंग्रजीतले मला फक्त आकडे येतात. बसचे नंबर बघून बघून आले. त्या सोमवारी वाटलं, तेवढेही येत नसते तर बरं झालं असतं.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे. सकाळी साडेसातला ते उघडायचं, झाडायचं, पेपर टेबलावर मांडायचे, हे माझं काम. किल्ल्या माझ्याकडे असतात. घरचे मालक वारले तेव्हा हे काम मिळालं. ते गेलं तर दुसरं कुठे मागायला जाणार? अनोळखी दारात उभी राहिले की माझा आवाजच फुटत नाही.

कॉम्प्युटरसाठीच्या भिंतीवरच्या बटणावर ग्रंथपाल बाईंनी कागद चिकटवला होता: 'हे बटण कधीही बंद करू नये.' रंगकामासाठी वाचनालय बंद ठेवलं, त्याच्या पहिल्याच दिवशी तिथली ओली भिंत पुसताना माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. मी घाबरले आणि बटण बंद केलं. रंगारी गेले त्या संध्याकाळी गुपचूप चालू केलं. मधे अकरा दिवस गेले होते. कोणाला कळलं नाही.

सोमवारी बाई कॉम्प्युटर अपडेट करायला बसल्या. त्यात लिनक्स नावाचं काहीतरी आहे, त्यानेच तो चालतो. त्याचं सगळं सामान इंटरनेटवरच्या एका भांडारातून येतं, तिथे नवीन काय आलंय ते बघून आणायचं, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. एरवी अक्षरं भराभर वर सरकत जातात. मी हातात फडकं धरून बघत राहते. त्या दिवशी ती मधेच थांबली. बाईंनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. नेट चालू होतं. भांडाराचा पत्ता बदलून दुसरीकडून मागवलं, तरी तेच.

तेवढ्यात काका आले. हे वाचनालयाचे कार्यवाह. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"भांडारातली यादी अजून लागू झालेली नाही म्हणतोय," बाई म्हणाल्या. "अकरा दिवस थांबा म्हणतो."

"रंगारीही रोज थांबाच म्हणत होते. त्यांच्या हाताखाली शिकलाय वाटतं," काका म्हणाले.

मी मागून वाकून बघितलं. ओळीच्या शेवटाकडे 11 होते. आणखीही काय काय लिहिलं होतं, पण मला तेवढंच दिसत होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरला सगळं माहीत आहे आणि तो आता सांगतो आहे.

काका म्हणाले, धुळीने बिघडला असेल, दुपारी माणूस बोलावतो, सगळं पुसून नव्याने टाकून घेऊ. बाईंचा चेहरा उतरला. दिवाळीपासून त्यांनी जुन्या पुस्तकांची यादी टाइप केली होती, ती त्यातच होती. दुसरीकडे कुठे ठेवलेली नव्हती. कपाटापाशी बसून पुस्तकांवरचे नंबर मीच त्यांना वाचून दाखवले होते.

मी मोरीत जाऊन कप विसळले. स्वच्छ होते, तरी विसळले. काका फोन लावायला लागल्याचं ऐकू आलं. बाहेर येऊन मी बाईंच्या कानाशी म्हणाले, बटण मी बंद केलं होतं, अकरा दिवस.

बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॉम्प्युटर अकरा दिवस मागे होता, त्यात अजून रंगकामच चालू होतं.

काकांनाही ते ऐकू गेलं होतं. त्यांनी फोन खाली ठेवला. "तिथे कागद लावलाय ना?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण हिला वाचता कुठे येतं."

मान खाली घालून उभी राहिले असते तरी चाललं असतं. मला वाचता येतं हे बाईंना माहीत होतं. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"येतं वाचता," मी म्हणाले. "चौथी झालेय. वाचून बंद केलं."

बाईंनी तारीख आणि वेळ नीट केली. पुन्हा अपडेट लावलं, आणि अक्षरं सरकायला लागली. त्या काकांना सांगत होत्या, की आतला छोटा सेल मेलाय, म्हणून वीज बंद झाली की घड्याळ तिथेच अडकतं. आजची यादी त्याला पुढच्या तारखेची वाटली. त्यासाठीच तो कागद लावला होता. चूक माझीच, सेल कधीच बदलायला हवा होता, असंही म्हणाल्या. माझं अर्धं लक्ष काकांच्या हाताकडे होतं. टेबलावरच्या माझ्या किल्ल्या त्यांनी उचलल्या होत्या. जुडगा हातात धरून ते भिंतीपाशी गेले, बटणाशेजारी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"करंट आहे गं इथे," ते म्हणाले. "सांगायचं नाही का?"

त्यांनी किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि वायरमनला फोन लावला. मी त्या लगेच उचलल्या नाहीत. आधी टेबलावरचे पेपर सारखे केले, मग जुडगा कमरेला खोचला.